खचलेल्या मनाचे बळ : नीळकंठशास्त्री गोरे आणि त्यांची श्रद्धा

धर्मांतर हा विषय आपल्या घरांतून अद्यापि संकोचानेच बोलला जातो. घराण्यात असा एखादा पुरुष होऊन गेला असेल तर वंशावळीत त्याच्या नावापुढची जागा कोरी राहते, आणि वडीलधाऱ्यांनी एकदा मौन धरले की पुढच्या पिढीस त्याचे नावही ठाऊक राहत नाही. अशा पुरुषाने काय मिळविले यावर मिशनऱ्यांनी ग्रंथ लिहिले, त्याने काय गमाविले यावर आपल्या लोकांनी टीका लिहिली. पण गमाविल्यानंतर तो उभा कशाच्या आधारावर राहिला, हा प्रश्न दोन्ही पक्षांनी फारसा विचारलेला नाही. प्रस्तुत लेखात धर्मांतराचे मंडन करावयाचे नाही आणि खंडनही करावयाचे नाही. ज्याच्या वाट्याला अपयश आणि निराशा पुनःपुन्हा आली, त्या मनुष्यास ख्रिस्तावरील श्रद्धेने कोणते बळ दिले, एवढेच पाहावयाचे आहे. त्यासाठी नीळकंठशास्त्री गोरे या चित्पावन पंडिताच्या चरित्राइतके बोलके उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल. या चरित्राचा एक अल्प भाग आपल्या चांद्याच्या मुलुखात घडलेला आहे, हे मात्र विदर्भातही थोड्यांनाच माहीत असेल.

नीळकंठशास्त्र्यांचा जन्म सन १८२५ मध्ये बुंदेलखंडात, झाशीच्या बाजूस झाला. घराणे मूळचे कोकणस्थ. पेशवाईच्या विस्ताराबरोबर जी कुटुंबे उत्तरेस गेली त्यांपैकी एक. आजोबा बांद्याच्या नबाबाच्या पदरी मोठ्या अधिकारावर होते. पुढे कुटुंब काशीस येऊन राहिले, आणि नीळकंठाचे सारे शिक्षण त्या विद्येच्या माहेरघरी झाले. व्याकरण, न्याय आणि वेदांत यांत त्यांनी लहान वयातच चांगली गती मिळविली. घरात शिवोपासना, बाहेर शास्त्रचर्चा, आणि भोवती महाराष्ट्रीय ब्राह्मणांची भरभक्कम वस्ती. अशा घरातील मुलगा ख्रिस्ती होईल असे त्या काळी कोणी सांगितले असते तर ऐकणाऱ्याने ते हसण्यावारी नेले असते.

घडले ते मात्र विलक्षण. काशीत विल्यम स्मिथ नावाचे एक पाद्री चर्च मिशनरी सोसायटीच्या वतीने बाजारात उपदेश करीत असत. या परकीय माणसास वादात निरुत्तर करावे, एवढ्याच हेतूने हा तरुण शास्त्री त्यांच्याकडे जाऊ लागला. त्याच सुमारास, सन १८३९ मध्ये, जॉन म्यूर या स्कॉच संस्कृतज्ञाने ‘मतपरीक्षा’ हा ख्रिस्ती धर्माचा पुरस्कार करणारा संस्कृत ग्रंथ प्रसिद्ध केला होता. त्यास उत्तर म्हणून नीळकंठाने ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा ग्रंथ संस्कृतात रचला. तेव्हा त्याचे वय विशीच्या आतबाहेर होते. सनातन धर्माच्या बाजूने त्या वादात लिहिल्या गेलेल्या ग्रंथांत हा एक महत्त्वाचा ग्रंथ मानला जातो. प्रतिपक्षाचे खंडन करावयाचे तर त्याचे ग्रंथ वाचले पाहिजेत, हा शास्त्रीमंडळींचा नियमच होय. त्या नियमानुसार त्याने ‘नवा करार’ वाचावयास घेतला. त्यातील येशूचे डोंगरावरील प्रवचन त्याच्या मनात रुतून बसले, आणि जो वाद जिंकण्यासाठी सुरू झाला होता तो त्याच्या स्वतःच्या अंतःकरणात शिरला.

तीन-चार वर्षे हे वादळ चालले. अखेर १४ मार्च १८४८ रोजी जौनपूर येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि ‘नेहेम्या’ हे नाव धारण केले. काशीत राहून हा विधी करणे गडबडीचे झाले असते हे उघडच आहे. ज्यांनी पुण्याच्या पंचहौद मिशनातील चहाचे प्रकरण वाचले आहे त्यांस याची कल्पना सहज येईल. सन १८९० मध्ये लोकमान्य टिळक व न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांसही त्या एका पेल्यापायी ग्रामण्यास तोंड द्यावे लागले. मग बेचाळीस वर्षांपूर्वी, काशीसारख्या क्षेत्रात, चहाचा पेला नव्हे तर बाप्तिस्म्याचे पाणी घेणाऱ्याची गत काय झाली असेल! वडील जिवंत होते, आप्तांचा परिवार मोठा होता, आणि या सर्वांच्या दृष्टीने नीळकंठ त्या दिवशी मेला.

येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. पुरुषाने मताचा पालट केला की त्याची किंमत घरातील स्त्रीस प्रथम द्यावी लागते. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ज्या घरांतून वाचली गेली त्या घरांतील मंडळींस हे सांगावयास नको. लक्ष्मीबाईंनी आपली कथा आपल्या लेखणीने सांगितली. नीळकंठशास्त्र्यांच्या पत्नीची कथा तिच्या शब्दांत कोणीच ऐकली नाही. ती पतीकडे आली, सन १८५३ मध्ये काशीत तिला कन्या झाली, आणि ते मूल तान्हे असतानाच ती निवर्तली. मुलीचे नाव एलन लक्ष्मी. आई नाही, आजोळ तुटलेले, वडील फिरतीवर. अशा त्या पोरीस प्रथम एका निळीच्या मळेवाल्या युरोपियन कुटुंबाने सांभाळले आणि पुढे स्टॉर्स नामक पाद्र्याच्या घरच्यांनी तिला विलायतेस नेऊन वाढविले. सत्याच्या शोधार्थ निघालेल्या मनुष्याने आपली मुलगी दुसऱ्याच्या हाती सोपवावी, ही गोष्ट वाचताना आपल्यासारख्या कुटुंबवत्सल लोकांच्या मनास लागल्यावाचून राहत नाही. ती लागावी हेच योग्य आहे. श्रद्धेचे गुणगान करताना तिच्यासाठी इतरांनी काय सोसले याचा हिशोब झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल.

पहिली मोठी निराशा त्यांना विलायतेत भेटली. पंजाबचे पदच्युत महाराज दुलीपसिंह सन १८५४ मध्ये इंग्लंडास गेले, त्यांच्यासमवेत शिक्षक म्हणून नीळकंठशास्त्रीही गेले. ज्या धर्मासाठी आपण बाप, घर आणि जात सोडली, त्या धर्माचे लोक आपल्या देशी कसे राहतात हे पाहण्याची त्यांना विलक्षण उत्कंठा होती. त्यांच्या मनात ‘नव्या करारा’तील आरंभीच्या शिष्यांचे चित्र होते: सर्वस्वाचा त्याग करणारे, एकमेकांची काळजी वाहणारे, द्रव्यास तुच्छ मानणारे. लंडनात त्यांना पैशामागे धावणारे जग दिसले. ऑक्सफर्डचे प्रसिद्ध पंडित मॅक्समूलर यांची व त्यांची तेथे भेट झाली, आणि त्या भेटीचे वर्णन मॅक्समूलर यांनी पुढे आपल्या आठवणींत करून ठेविले आहे. त्यावरून दिसते की हा काशीचा शास्त्री अगदी खचून गेला होता. यालाच ख्रिस्ती धर्म म्हणावयाचे असेल तर आपण ख्रिस्ती नव्हे, आपल्याला परत जाऊ द्या, अशा अर्थाचे उद्गार त्याने काढले.

वाचकांनी क्षणभर या मनुष्याच्या जागी स्वतःस कल्पून पाहावे. मागे फिरावे तर ज्या घरी फिरावयाचे ते घर बंद झालेले. पुढे जावे तर ज्याच्या मागे निघालो त्याचे अनुयायीच त्याला विसरलेले. अशा वेळी बहुतेक माणसे दोहोंपैकी एक मार्ग धरतात: कडवट होऊन साऱ्या धर्मांचा उपहास करू लागतात, नाहीतर जे समोर आहे त्याच्याशी तडजोड करून सुखाने पगार खातात. नीळकंठशास्त्र्यांनी यांपैकी काहीच केले नाही. लोकांचे वागणे वेगळे आणि ज्याच्यावर श्रद्धा ठेवली तो येशू वेगळा, हा विवेक त्यांनी केला. इंग्रजांनी ख्रिस्ताला सोडले असेल तर ते इंग्रजांचे पाप. तेवढ्यासाठी आपण त्याला कशास सोडावे? ते स्वदेशी परतले आणि पुन्हा उपदेशाच्या कामास लागले. पुढील चाळीस वर्षांचे त्यांचे वैराग्ययुक्त जीवन म्हणजे लंडनात जे दिसले नाही ते आपण स्वतः जगून पाहावे, असाच एक प्रयत्न होता, असे मला वाटते.

दुसरे संकट बाहेरचे नव्हते, ते त्यांच्या बुद्धीतच होते. न्यायशास्त्रात घडलेली बुद्धी ही धार लावलेल्या शस्त्रासारखी असते. ती म्यानात स्वस्थ बसत नाही. सन १८६० मध्ये त्यांनी ‘षड्दर्शनदर्पण’ हा हिंदी ग्रंथ लिहून सहा दर्शनांची चिकित्सा केली, आणि फिट्झएडवर्ड हॉल यांनी सन १८६२ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. परंतु जी बुद्धी सांख्य-वेदांतावर चालली तीच ख्रिस्ती सिद्धांतांवरही चालू लागली. बाप्तिस्म्यानंतरही जन्मभर त्यांना संशयांनी छळले, हे त्यांच्या चरित्रकारांनी स्पष्ट नमूद केले आहे. एका शंकेचे समाधान करावे तो दुसरी उभी राही. प्रार्थनेस बसावे तो मनातील पूर्वपक्षी बोलू लागे. ज्याने दुसऱ्यांच्या शंकांचे निरसन करावयाचे त्यालाच रात्रंदिवस शंकांनी ग्रासावे, यापरता उपदेशकाच्या आयुष्यात मोठा पराभव कोणता?

अशा मनःस्थितीतला हा पुरुष चांद्यास आला. सन १८७० च्या सुमारास कलकत्त्याचे बिशप मिल्मन यांच्याकडून त्यांना पूर्ण पाद्रीपदाची दीक्षा मिळाली होती. त्याच सुमारास स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चने मध्यप्रांतातील चांदा हे आपल्या कार्याचे क्षेत्र म्हणून निवडले, आणि त्या मिशनाच्या अगदी आरंभीच्या काळात तेथे काम करणाऱ्यांत नीळकंठशास्त्री ऊर्फ फादर गोरे होते.

त्या वेळचा चांदा म्हणजे आजचे चंद्रपूर नव्हे. नागपूरकर भोसल्यांचे राज्य सन १८५४ च्या सुमारास खालसा झाले, त्याबरोबर हा मुलूख इंग्रजांकडे येऊन पुरती वीस वर्षेही लोटली नव्हती. नागपूरपर्यंत आगगाडी सन १८६७ मध्ये आली. तेथून पुढे चांद्यापर्यंत शंभर मैलांच्या आतबाहेरचा मार्ग बैलगाडीनेच काटावा लागे. गोंड राजांचा भव्य परकोट, त्याच्या जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा व बिनबा या वेशी, महाकालीचे देवालय आणि चैत्रातील तिची मोठी यात्रा, बाजूने इरई व झरपट या नद्या: एवढे शहर. परकोटाबाहेर पडले की साग, बांबू, मोह व तेंदू यांचे अरण्य सुरू होई, ते पूर्वेस वैनगंगा ओलांडून गडचिरोली, अहेरी, भामरागडपर्यंत पसरलेले. सन १८७४ मध्ये सिरोंच्याचा प्रदेशही या जिल्ह्यास जोडला गेला. शहरात मराठी, दक्षिणेस तेलुगू, रानात गोंडी आणि माडिया. पावसाळ्यात नाले भरले की गावे एकमेकांपासून तुटत, आणि पावसाळा ओसरला की हिवताप येई.

काशीच्या पंडितसभेत ज्याने संस्कृतात वाद केले, ज्याची ऑक्सफर्डच्या पंडितांशी गाठ पडली, त्यास या गावी आपली विद्या कोणापुढे मांडावी हा प्रश्नच पडला असेल. विद्वानाला अपयशाहूनही निरुपयोगीपणाची जाणीव अधिक बोचते. चांद्यात त्यांचा मुक्काम थोडाच काळ होता, आणि तेवढ्यात त्यांनी मोठा ख्रिस्ती समाज उभा केला अशी नोंद नाही. चांद्याचे काम पुढे इतरांनी चालविले. पुढे अॅलेक्स वुड या स्कॉच पाद्र्याने तेथे आयुष्यातील अनेक वर्षे घालविली. हेच वुड सन १९२६ पासून १९३६ पर्यंत नागपूरचे बिशप होते. शेताच्या बांधावर पहिली रेघ ओढणाऱ्याचे नाव पीक घरी येते तेव्हा कोणाच्या लक्षात राहत नाही. चांद्याच्या बाबतीत फादर गोरे यांचे असेच झाले.

मग या मनुष्याचे बळ कशात होते? लौकिक यश त्यांजपाशी नव्हते. संशयातून सुटकाही त्यांना लाभली नाही. कुटुंबाचे सुख तर केव्हाच संपले होते. तरीही त्यांनी काम सोडले नाही, आणि ज्यांनी त्यांना पाहिले त्या सर्वांवर त्यांच्या नम्रतेचा व निरिच्छपणाचा ठसा उमटला. या कोड्याचे उत्तर त्यांच्याच एका विचारात सापडते. उत्तर वयात लिहिलेल्या ख्रिस्तविषयक निबंधात त्यांनी असे प्रतिपादन केले की अनन्यभक्ती, वैराग्य, नम्रता आणि क्षमा या गोष्टींची ओळख हिंदूंना ख्रिस्ती धर्माने करून दिलेली नाही. त्यांचा आदर हिंदूंच्या मनात मुळातच होता, आणि ईश्वराने त्या रूपाने या देशाची पूर्वतयारी करून ठेवली होती. धर्म सोडलेल्या या ब्राह्मणाने आपल्या आईबापांच्या धर्मातून काय बरोबर नेले होते, ते या चार शब्दांत आले.

या चारांतील ‘अनन्यभक्ती’ हा शब्द मला त्यांच्या चरित्राची किल्ली वाटतो. बुद्धीने पटलेले मत बुद्धीनेच डळमळते; त्याचा भरवसा काय? पण भक्ती ही मतावर उभी नसते, ती नात्यावर उभी असते. वधस्तंभावर टांगलेला, शिष्यांनी टाकलेला आणि जगाच्या दृष्टीने सर्वस्वी पराभूत झालेला असा देव ज्याच्यापुढे आहे, त्याला स्वतःचा पराभव ही ईश्वराने आपल्याला सोडल्याची खूण वाटत नाही. उलट त्या पराभवातच तो देव जवळ आहे अशी त्याची भावना होते. ख्रिस्ती श्रद्धेने खचलेल्या माणसास दिलेला आधार तो हाच. सकाळी मनात शंका उठली तरी प्रार्थनेची वेळ चुकवावयाची नाही. काल कोणी ऐकले नाही तरी आज पुन्हा बोलावयास जावयाचे. पुढे सन १८७६ मध्ये ते ‘काउली फादर्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संन्यस्त संघात उमेदवार म्हणून दाखल झाले. पण अखेरची आजन्म शपथ घेण्यास त्यांचे मन कधीच धजले नाही. मरेपर्यंत ते उमेदवारच राहिले. शपथ न घेता संन्याशाचे आयुष्य मात्र त्यांनी अखेरच्या दिवसापर्यंत पाळले. शपथ घेऊन ती मोडणारे पुष्कळ. ही तऱ्हा निराळी आहे.

आणि फळ? ते आले, पण पेरणाऱ्याच्या अपेक्षेबाहेरच्या शेतात. सन १८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यास आल्या. तरुण विधवा, कडेवर मूल, संस्कृत विद्येने साऱ्या देशात गाजलेल्या. फादर गोरे यांचाही त्या काळी पुण्याशी संबंध होता, प्रार्थनासमाजाच्या मंडळींशी त्यांचे वाद चालत. सन १८८३ मध्ये रमाबाईंनी विलायतेत वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. आपल्या बुद्धीची खात्री फादर गोरे यांच्या लेखनाने झाली, असे त्यांनी स्वतः पुढे नमूद केले आहे. ज्याला स्वतःच्या शंका कधी पुरत्या मिटविता आल्या नाहीत, त्याच्या लेखणीने एका प्रखर बुद्धीच्या स्त्रीचे समाधान करावे, यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. ज्याने शंकेचे सारे घाट स्वतः ओलांडले आहेत, त्यालाच दुसऱ्याचा पाय कोठे अडखळेल हे कळते.

रमाबाईंची कथाही येथे संपत नाही. बुद्धी पटूनही आपल्याला ख्रिस्ती धर्म तेवढा मिळाला, प्रत्यक्ष ख्रिस्त मिळाला नाही, ही जाणीव त्यांना सन १८९१ च्या सुमारास झाली आणि मग त्यांच्या श्रद्धेने नवे वळण घेतले. त्यानंतर दोनच वर्षांनी कसोटी आली. सन १८८९ मध्ये स्थापिलेल्या शारदासदनावर धर्मांतराचा आरोप येऊन सन १८९३ मध्ये पुष्कळ मुली काढून नेण्यात आल्या, सुधारक मित्रही दूर झाले. दुसरी एखादी स्त्री असती तर तेथेच थांबती. सन १८९६–९७ च्या दुष्काळात याच रमाबाई मध्यप्रांतात गावोगाव हिंडल्या आणि उपासमारीने मरणाच्या दारी गेलेल्या शेकडो मुलींना घेऊन परतल्या. केडगावचे ‘मुक्तिसदन’ त्यातून उभे राहिले. शारदासदनातील मुली गेल्या त्या दिवशी जर श्रद्धेने हात टेकले असते, तर या पोरींचे काय झाले असते?

मुलगी एलन लक्ष्मी सन १८८० मध्ये हिंदुस्थानात परत आली. तिच्या इंग्रजी भक्तिगीतांपैकी एक पाश्चात्त्य ख्रिस्ती जगात अतिशय लोकप्रिय झाले, आणि त्याचा विषय होता ईश्वराच्या सान्निध्यातील गुप्त विसावा. प्रयाग येथे अनाथ मुलींच्या आश्रमाची व्यवस्था तिने अनेक वर्षे पाहिली. जिला आईची कूस लाभली नाही तिने आईविना मुलींचा संसार मांडावा, यावर अधिक भाष्य नको.

फादर गोरे यांचे देहावसान २९ ऑक्टोबर १८९५ रोजी मुंबईत झाले. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत, त्याच मुंबईत, नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला होता. एका कोकणस्थ पंडिताचा प्रवास संपत असता दुसऱ्याचा सुरू झाला.

आज चंद्रपूर हे कोळशाचे व विजेचे मोठे शहर आहे, आणि गडचिरोली सन १९८२ पासून स्वतंत्र जिल्हा आहे. फादर गोरे यांचे नाव तेथे कोणी घेत असेल असे वाटत नाही. पण आपल्या घरांतून परीक्षेत नापास झालेला मुलगा, धंद्यात बुडालेला भाऊ, संसारात एकटी पडलेली बहीण, ही माणसे प्रत्येक पिढीत असतात. त्यांना आपण बहुधा सांगतो की धीर धर, यश येईल. यश न आले तर काय, याचे उत्तर आपल्यापाशी नसते. फादर गोरे यांच्यापाशी ते होते. यश आले नाही, संशयही गेला नाही, तरी ज्याचा हात धरला तो सोडावयाचा नाही आणि आजचे काम उद्यावर टाकावयाचे नाही, एवढे त्यांनी सत्तेचाळीस वर्षे पाळले. त्यांचा देव कोणाला मानवो वा न मानवो, ही निष्ठा कोणत्याही घरातील देवघरापुढे सांगण्यासारखी आहे.